मागच्या तळ्यावरचे दोघे

आउलिस तेर्वोनेन कमी बोलतो असं फिनलंडमधल्या आमच्या ईसाल्मी गावात कुणाला सांगितलंत, तर समोरचा विचारेल, "कुणाच्या मानाने?" कारण आमच्याकडे सगळेच कमी बोलतात. शेजारी जिन्यात उभा असेल तर तो खाली उतरून जाईपर्यंत दाराआड बूट घालून थांबणारी माणसं आम्ही. पण आउलिस या बाबतीत आमच्यातही अव्वल. दुकानातली बाई त्याला 'पिशवी हवी का' विचारत नाही, कारण उत्तर यायला इतका वेळ लागतो की मागची रांग खोळंबते.

साठी ओलांडलेला माणूस. अंगाने हाडकुळा, एकटा, आईच्या मागे राहिलेल्या दोन खोल्यांत राहतो. तरुणपणी ओउलूला एका फोनवाल्या मोठ्या कंपनीत होता. ती कंपनी बसली, माणसं घरी गेली, हाही आला. तेव्हापासून एकच धंदा केला: विंडोजचे खेळ लिनक्सवर आणायचे. याला ते लोक पोर्ट करणं म्हणतात. ते म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढची गोष्ट हवेत राहील.

संगणक चालवायला बहुतेकांकडे विंडोज असतं, थोड्यांकडे लिनक्स; खेळ बनतात ते विंडोजसाठी. लिनक्सवाले म्हणजे लग्नातल्या शेवटच्या पंगतीला बसलेले. उरलं तर वाढू, नाही उरलं तर पाणी पिऊन उठा. आउलिस काय करायचा, तर तयार झालेला खेळ मागून घ्यायचा, सगळा उसवायचा, आणि लिनक्सच्या मापाने पुन्हा शिवायचा. काम महाकिचकट. फाइलच्या नावात मोठं अक्षर लिहा की छोटं, विंडोजला सगळं सारखंच. लिनक्सला त्यात सख्ख्या-सावत्राइतका फरक. खेळ बनवणाऱ्या एखाद्याने घाईत चित्राच्या नावात एक अक्षर मोठं टाकलेलं असतं. विंडोज काणाडोळा करतं आणि लिनक्सवर माशाला शेपूटच उगवत नाही. आउलिस असली हरवलेली शेपटं शोधत बसायचा, आणि खरं सांगतो, त्यात त्याला फार सुख होतं.

त्याच्या हातचा शेवटचा मोठा खेळ म्हणजे 'हाउकियार्वी'. ताम्परेतल्या एका चिमुकल्या कंपनीचा. खेळात करायचं काय, तर गोठलेल्या तळ्यावर जायचं, बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडायचा आणि बसायचं. बस्स. शेजारी दुसरे लोक आपापल्या घरातून येऊन आपापल्या भोकाशी बसलेले दिसतात. ज्याचे मासे वजनाला जास्त तो जिंकला. दाराबाहेर खरं तळं गोठलेलं असताना घरात बसून पडद्यावरच्या तळ्यावर कशाला जायचं, असं विचारू नका. बाहेरच्या तळ्यावर भोक पाडताना खांदा भरून येतो.

तर हा खेळ आउलिसने लिनक्सवर आणला आणि आणता आणता एका गणितात फसला. खेळातले मासे कसे फिरणार याचा हिशेब प्रत्येकाचं मशीन आपापलं करतं. दशांशाच्या मागची ती लांबलचक शेपटी असते ना, ती विंडोजवर एका जागी तुटायची आणि आउलिसच्या पोर्टमध्ये केसभर पुढे. केसभर म्हणजे केसभरच. पण तेवढ्याने थोड्या वेळात माझा मासा डावीकडे जातो आणि तुझा उजवीकडे. माझ्या पडद्यावर तो गळाला लागलेला, तुझ्या पडद्यावर तोच मासा मजेत पोहतोय! भांडणं झाली, शिव्या झाल्या. आउलिस अख्खा हिवाळा त्या गणितापुढे डोकं धरून बसला. नाही म्हणजे नाहीच जमलं. शेवटी कंपनीचा मालक यार्को म्हणाला, "जाऊ दे, लिनक्सवाल्यांना वेगळं तळं देऊन टाकू." झालं. विंडोजवाले पुढच्या तळ्यावर, लिनक्सवाले मागच्या.

पण मागचं तळं काय गजबजायचं महाराजा! रविवारी दुपारी स्पर्धा असायची तेव्हा जागा धरायला लोक आधी येऊन बसायचे. गप्पा नाहीत, पण माणसं होती. आउलिस 'तेर्वा' या नावाने त्यांच्यात बसायचा. हे तळं आपण बांधलंय हे त्याने कुणाला सांगितलं नाही. आमच्यात असं सांगणं म्हणजे स्वतःची आरती स्वतः ओवाळणं.

आणि मग दुभाष्या आला.

दुभाष्या हे लिनक्सवाल्यांनी ठेवलेलं नाव. हा एक मधला थर असतो. विंडोजचा खेळ जसाच्या तसा उचलायचा, लिनक्सवर ठेवायचा, आणि हा थर दोघांच्या मधे उभा राहून याचं त्याला आणि त्याचं याला सांगत बसतो. उसवणं नाही, शिवणं नाही. आउलिसला पहिल्यापासून त्याचा तिटकारा. "आपण भाषा शिकायची नाही, आणि भाड्याचं तोंड घेऊन गावभर बोलत फिरायचं! हे काय बोलणं झालं?" सुरुवातीला दुभाष्या अडखळायचा, खेळ मधेच बंद पाडायचा, तेव्हा आउलिस गालात हसायचा. मग दुभाष्या शिकला. इतका शिकला की खेळाला आपण परक्या घरात आहोत हे कळेना. लिनक्सवाले पटापट विंडोजचा खेळ घेऊन पुढच्या तळ्यावर जायला लागले. तिथे माणसं जास्त, मासे तेच. एकेक जण 'मोई मोई' लिहून उठला तो गेलाच.

त्यावर कडी म्हणजे आउलिसचं पोर्टच जुनं व्हायला लागलं. लिनक्स पायाखालून सतत बदलत असतं. एकदा आवाज गेला, एकदा खिडकीच उघडेना. आउलिस बसून दुरुस्त करायचा, फुकट. आणि विंडोजचा खेळ? तो दगडासारखा जिथल्या तिथे. त्याची काळजी दुभाष्यावाले घ्यायचे. म्हणजे ज्याला आपलं म्हणून घरात घेतलं ते घराला परकं झालं, आणि जे परकं ते नांदायला लागलं. आता बोला!

शेवटी मागच्या तळ्यावर दोघंच उरले. तेर्वा आणि किन्नास.

किन्नास म्हणजे हातमोजा. खेळातलं टोपणनाव, बाकी काही माहीत नाही. आणि इथे माझी पंचाईत होते. आमच्या फिनिश बोलीत 'तो' आणि 'ती' असा भेदच नाही, दोघांना एकच शब्द. त्यामुळे किन्नास बाई की बाप्या हे आउलिसला कळायला मार्ग नव्हता आणि विचारायची पद्धत नव्हती. त्याच्या डोळ्यासमोर आपल्यासारखाच एक म्हातारा होता, कानटोपीवाला, गुडघ्यावर हात ठेवून बसलेला. म्हणून मीही तूर्त 'तो'च म्हणतो.

दर रविवारी दुपारी किन्नास यायचा, आउलिसपासून रीतीप्रमाणे लांब भोक पाडायचा आणि लिहायचा, "नो नीन." म्हणजे 'हं, तर मग.' आउलिस उलट लिहायचा, "नो नीन." मग दोघं बसायचे. अंधार पडला की "मोई मोई". झाला रविवार. कितीतरी हिवाळे हे चाललं, आणि त्या दोन शब्दांवर आउलिसचा आठवडा तोलून होता. सोमवारी सकाळी कॉफी गाळताना त्याच्या मनात यायचं, कालच तर किन्नास भेटला. आणि शुक्रवारी यायचं, आता परवा भेटेल.

एकदाच किन्नासने यायला उशीर केला होता आणि लिहिलं होतं, "मशीन जुनं झालं." एवढ्यावर आउलिसने अख्खा इमला बांधला. याचं मशीन जुनं, म्हणजे दुभाष्या पेलत नसणार. म्हणजे या माणसाला हे पोर्ट सोडून दुसरी जागाच नाही. म्हणजे आपण दुरुस्ती थांबवली तर हा बिचारा कुठे जाईल? बिघाड झाला की हा दोन घास कमी खाऊन रविवारच्या आत सगळं ठीक करायचा. कुणीतरी आपल्यावाचून अडलेलं आहे, ही गोष्ट एकट्या माणसाला फार लागते हो. जेवणापेक्षा जास्त लागते.

फेब्रुवारीत यार्कोचा फोन आला.

"आउलिस, मागचं तळं बंद करतोय मी. वसंत आला की."

"का?"

"दोन माणसं आहेत रे तिथे. त्यातला एक तू."

यार्कोच पुढे म्हणाला, "दुभाष्यावरून आमचा खेळ तुझ्या पोर्टपेक्षा छान पळतो, मी स्वतः बघितलं. राग नको मानूस. तू जीव ओतला होतास त्यात."

"राग नाही," आउलिस म्हणाला आणि खाली जाऊन इमारतीसमोरचा बर्फ ओढायला लागला. बर्फ ओढायचं कंत्राट दुसऱ्याच माणसाकडे होतं. तो यंत्र घेऊन आला तेव्हा ओढायला काही उरलंच नव्हतं.

कुओपियोला त्याची थोरली बहीण असते, तेल्लेर्वो. सगळ्या घराण्याच्या वाटचं एकटी बोलते. तिला त्याने हे सांगितलं, तेही तिने खोदून खोदून विचारलं म्हणून.

"मग त्या हातमोज्याला सांग ना, दुसरीकडे भेटू म्हणून. नाव काय त्याचं?"

"माहीत नाही."

"राहतो कुठे?"

"माहीत नाही."

"इतकी वर्षं बसलायस त्याच्याशेजारी आणि नाव विचारलं नाहीस?"

"बर्फावर नाव विचारत नाहीत."

"बर्फ कुठाय मेल्या? काच आहे ती, काच! पुसायच्या फडक्याने पुसतोस ना तू ती?"

बोलण्यात तिच्यापुढे कुणाचा टिकाव लागणार! रविवारी आउलिस तळ्यावर जाऊन बसला. किन्नास आला. "नो नीन." "नो नीन." आणि मग आउलिसने जन्मात केलं नव्हतं ते केलं. एका दमात तीन वाक्यं लिहिली.

"हे तळं वसंतात बंद होणार आहे. तुझं मशीन जुनं आहे, लक्षात आहे माझ्या. दुभाष्या चालत नसेल तर मी काहीतरी करून देईन."

मग अक्षरं उमटली.

"मशीन कधीच बदललं. दुभाष्या पण आहे. माझा शनिवार पुढच्या तळ्यावरच जातो."

"मग इथे कशाला?" आउलिसने विचारलं. त्याने किन्नासला विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

"तू एकटा असतोस म्हणून. बर्फावर माणसाला एकटं सोडत नाहीत. मला वाटलं, तुझंच मशीन जुनं आहे."

हसावं की रडावं! हा त्याच्यासाठी पोर्ट जगवतोय आणि तो याच्यासाठी मोडक्या तळ्यावर येऊन बसतोय. तिऱ्हाइताला गंमत वाटेल. आउलिसला वाटली नाही. त्याच्या कानशिलांना आग लागली. म्हणजे इतके रविवार हा मासे धरायला येत नव्हता, माझी राखण करायला येत होता. मी समजत होतो याला माझी गरज आहे, आणि मीच होतो दयेचं काम. 'माझं मशीन उत्तम आहे, हे पोर्टच मी केलंय' असं त्याने लिहिलं, वाचलं, आणि पुसलं.

किन्नासने लिहिलं, "शनिवारी ये की तिकडे. सौना उरकली की सगळे जमतात."

"बघू," आउलिसने लिहिलं. 'बघू' म्हणजे काय ते मराठी माणसाला फोडून सांगायला नको.

"मोई मोई," किन्नासने लिहिलं. आउलिसने ते न लिहिताच मशीन बंद केलं.

पुढचे दिवस त्याने तोंड पाडून काढले. राय धान्याचा काळा पाव, लोणी, कॉफी. मशीन उघडलंच नाही. तेल्लेर्वोचा फोन आला तेव्हा सगळं बाहेर पडलं, आणि ती गप्प बसेल तर शपथ.

"अरे गाढवा, त्याला दुसरी जागा नव्हती म्हणून तो येत होता, हे तुला चाललं असतं. आणि चांगली जागा सोडून तुझ्यासाठी येत होता, तर तुला वाईट वाटतंय? तुझ्या पोर्टला सोबत हवी होती की तुला?"

"पोर्ट चांगलं होतं," आउलिस म्हणाला.

"असेल! मी कुठे नाही म्हणतेय? पण ते मेलं. तू आहेस अजून. शनिवारी जा." आणि तिने फोन ठेवला. हे ती कधी करत नाही.

शनिवारी इमारतीच्या सौनेत, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, आपल्या ठरलेल्या वेळी आउलिस जाऊन आला. ओल्या केसांनीच मशीनपुढे बसला, कॉफी ठेवली, विंडोजचा खेळ मागवला आणि दुभाष्याच्या हवाली केला. मनातून त्याला वाटत होतं, अडखळेल. कुठेतरी एखादं शेपूट गळेल. कॉफी गळून पूर्ण व्हायच्या आत खेळ सुरू झाला. त्याने सगळं तपासलं. आवाज स्वच्छ. वारा बरोबर. मासे शेपटांसकट. ज्या गणितापुढे तो अख्खा हिवाळा बसला होता ते गणित दुभाष्याने सोडवलंच नव्हतं. विंडोज करतं तसंच करू दिलं होतं, बस्स. आउलिसला आधी संताप आला आणि मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "चांगलं केलंय लेकाच्यांनी," तो रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाला. कारागीर होता, चांगल्या कामाला वाईट म्हणणं त्याच्या जिभेवर येईना.

मागच्या तळ्यावरची त्याची नोंद इकडे चालत नव्हती. नव्याने 'तेर्वा' नाव घ्यावं लागलं आणि नावापुढे खेळाने आपणहून शब्द चिकटवला: नवखा.

पुढच्या तळ्यावर ही गर्दी! आउलिसने सगळ्यांपासून लांब, काठाला भोक पाडलं.

"ए नवख्या, तिथे मासा नाही, बेडूक मिळेल," कुणीतरी लिहिलं.

"नवखा नाही तो!" किन्नासची अक्षरं उमटली. "मंडळी, हा तेर्वा. मागच्या तळ्यावरचा माझा सोबती. आला बघा शेवटी!"

"त्या भिकार पोर्टवर होता? बिचारा," दुसरा म्हणाला. आउलिसच्या बोटांनी नुसती हालचाल केली आणि थांबली. कारण किन्नासचं लिहिणं थांबतच नव्हतं. ओळीमागून ओळ. गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते, मांजर चुलीमागे व्यालं ते, नवरा वारल्यावर त्याची होडी विकायला काढली आणि गिऱ्हाईक आलं तेव्हा आतून कडी लावून बसले ते. बाई होती! आणि काय बोलत होती, बापरे! भोवतालचे लोक हसत होते, मधे मधे तिला चिडवत होते, "किन्नास, तुझ्या आवाजाने मासे पळतात." आउलिसच्या गळाला एक मोठा मासा लागून सुटून गेला तरी त्याचं लक्ष नव्हतं. इतके रविवार ज्याने दोन शब्दांपलीकडे फारसं काही लिहिलं नाही तो किन्नास हाच का, हीच का?

आणि मग तिने लिहिलं, "बरं मंडळी, आता जरा बेताने हं. तेर्वाला शांतता लागते. रविवारी याच्याशेजारी मी जीभ दाताखाली धरून बसायचे, माझ्यासारखी बाई! एक अक्षर जास्त बोलले तर उठून जाईल अशी धास्ती वाटायची. चला, गप्प बसा सगळे. पहिलाच दिवस आहे त्याचा."

आणि सगळे खरंच गप्प बसले. माणसं चांगली होती. कुणी कुरकुरलं नाही. एवढं मोठं तळं, एवढी भोकं, एवढी माणसं, आणि पडद्यावर एक नवं अक्षर नाही. फक्त वाऱ्याचा आवाज. सगळे त्याच्यासाठी गप्प होते.

आउलिस त्या शांततेकडे बघत राहिला. मागच्या तळ्यावर तो ज्या शांततेत बसला होता ती हीच. त्याला वाटायचं, किन्नासला ती आवडते. तिला वाटायचं, याला आवडते. दोघांनीही ती एकमेकांसाठी जपून ठेवली होती आणि दोघांनाही ती नको होती. इतके हिवाळे! आता काही लिहिलं नाही तर ही भली माणसं अशीच बसून राहतील, पुढच्या शनिवारीही, त्याच्या पुढच्याही. आणि इथेही तो एकटाच.

त्याने दोन बोटांनी टाइप करायला घेतलं. चुका झाल्या, पण पुसल्या नाहीत.

"मला शांतता लागत नाही. कधीच लागत नव्हती. होडीचं काय झालं पुढे?"